उपकरण आणि उपयोग
(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी वर्षातील पर्युषण व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचे शब्दांकन)



व्याख्यानमालेच्या संयोजकांनी मला विषय विचारला तेव्हा मी 'ध्वनियंत्रांचे वेड' असे उत्तर दिले. फोनवर काही क्षण शांतता पसरली. कर्मसिद्धांत, अनेकांत, लेश्या, क्षमापना अशा विषयांच्या पंक्तीत ॲम्प्लिफायर आणि स्पीकर कोठून आले, असा प्रश्न त्यांना पडला असावा. त्यांनी तो सौजन्याने विचारला नाही. तरी आज आपल्यापुढे त्याचे उत्तर देणे माझे कर्तव्य आहे.

प्रारंभी या सभागृहाविषयीच एक गोष्ट सांगतो. चातुर्मासात येथे पूज्य महाराजसाहेबांची प्रवचने होतात. ते ध्वनिक्षेपक वापरत नाहीत. विजेच्या वापराने तेजस्कायिक जीवांची विराधना होते, हे आपण सर्व जाणतोच. पंखे बंद, माईक बंद, बाहेर रस्त्यावरची वाहने चालू, आणि तरीही शेवटच्या रांगेत भिंतीला टेकून बसलेल्या वृद्ध श्राविकेला शब्द न् शब्द कळतो. मी मात्र आज या माईकसमोर उभा आहे आणि मागच्या रांगेतून दोनदा 'ऐकू येत नाही' असा इशारा मला मिळालेला आहे. माझ्या विषयाचे मर्म या विरोधातच आहे; त्याकडे मी पुढे येणार आहे.

मी व्यवसायाने विद्युत अभियंता. संगीत ऐकण्याचा छंद मला लहानपणापासून. या छंदाच्या पोटात दुसरा एक छंद वाढतो, त्याची आपल्यापैकी अनेकांना कल्पना नसेल. तो म्हणजे संगीत ज्यावर ऐकायचे ते यंत्र सतत बदलत राहण्याचा. आजकालच्या भाषेत याला 'अपग्रेड' म्हणतात. यंत्र बिघडलेले नसते. ते काल जसे वाजत होते तसेच आज वाजत असते. तरीही त्याच्या मालकाच्या मनात एके दिवशी 'याहून चांगले असू शकेल' हा विचार येतो, आणि त्या क्षणापासून त्या यंत्रातील उणिवा त्याला ऐकू येऊ लागतात.

माझे पहिले ॲम्प्लिफायर १९८२ साली पुण्याच्या तपकीर गल्लीतून सुटे भाग आणून मी स्वतः जोडलेले होते. त्यानंतर २०१२ सालापर्यंत माझ्या घरात एकूण सात ॲम्प्लिफायर येऊन गेले. प्रत्येक वेळी कारण सबळ होते. नवे स्पीकर आणले, तर त्यांना जुने ॲम्प्लिफायर अपुरे पडते असे वाटले. ॲम्प्लिफायर बदलले, तर सीडी प्लेअरचा कर्कशपणा जाणवू लागला. तो बदलला, तेव्हा या सर्वांना जोडणाऱ्या तारांविषयी शंका येऊ लागली. तारा झाल्या, मग त्या खोलीतील वीजपुरवठा. लंगोटीला उंदरांपासून वाचवण्यासाठी मांजर, मांजराच्या दुधासाठी गाय, गाईसाठी गुराखी असा संसार मांडून बसलेल्या बैराग्याची गोष्ट आपण मुलांना हसत हसत सांगतो. मी सुशिक्षित माणूस. मला त्या गोष्टीतील बैरागी कोण हे ओळखायला तीस वर्षे लागली.

आता कोणी म्हणेल, फरक पडत असेल म्हणूनच लोक बदलतात ना? हा आक्षेप योग्य आहे, आणि त्याला प्रामाणिक उत्तर दिले पाहिजे. फरक पडतो. खिशातल्या रेडिओवर ऐकलेला तानपुरा आणि चांगल्या स्पीकरवर ऐकलेला तानपुरा यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. पहिली एक-दोन पावले खरोखरच पुढे नेणारी असतात, आणि माझे जोडलेले ॲम्प्लिफायर जाऊन दुसरे आले त्या दिवशी मला झालेला आनंद खोटा नव्हता. परंतु पुढचा हिशेब वेगळा आहे. ॲम्प्लिफायरची शक्ती पन्नास वॅटवरून शंभर वॅट केली, म्हणजे दुप्पट केली, तर ध्वनीची पातळी केवळ तीन डेसिबेलने वाढते. कानाला ती जेमतेम 'थोडी मोठी' वाटते. आवाज कानाला दुप्पट वाटायचा असेल तर शक्ती साधारण दहापट करावी लागते. निसर्गाने आपल्या कानाची घडणच अशी केली आहे, की बाहेर गुणाकार केला तर आत फक्त बेरीज होते. किंमत मात्र गुणाकारानेच द्यावी लागते.

दुकानात काय घडते तेही सांगतो, कारण तेथे मी स्वतः अनेक दुपारी घालवल्या आहेत. दोन यंत्रांपैकी एक अर्ध्या डेसिबेलइतके जरी मोठ्याने वाजत असेल, तरी ऐकणाऱ्याला ते 'मोठे' वाटत नाही. ते 'अधिक स्पष्ट', 'अधिक मोकळे' वाटते. शिवाय ध्वनीच्या बारकाव्यांची आपली स्मृती काही सेकंदांचीच असते. एक तार काढून दुसरी जोडायला पाच मिनिटे लागली, तर आपण दोन आवाजांची तुलना करत नसतो. एका आवाजाची आणि एका आठवणीची तुलना करत असतो. आणि नुकतेच पैसे मोजलेल्या माणसाची आठवण फारशी निःपक्षपाती नसते.

या छंदाच्या इतिहासात एक प्रसंग मला फार बोलका वाटतो. अमेरिकेत १९१५ पासून सुमारे दशकभर एडिसनच्या कंपनीने गावोगावी एक प्रयोग केला. रंगमंचावर गायिका उभी राही आणि शेजारी एडिसनचा फोनोग्राफ. गायिका गाऊ लागे, दिवे मालवले जात, आणि काही वेळाने दिवे लागले की प्रेक्षकांना दिसे, गायिका केव्हाच निघून गेली आहे आणि गाते आहे ते यंत्र. लोक थक्क होत. आपल्याला फरक कळला नाही, असे सांगत. लक्षात घ्या, या यंत्रात वीज नव्हती, ॲम्प्लिफायर नव्हते. एक सुई, एक पडदा आणि एक कर्णा. गायिकाही आपला आवाज त्या यंत्राच्या मापाने बेताचा ठेवत असत, हा भाग निराळा. आज ती तबकडी ऐकली तर आपण दोन मिनिटांत कंटाळू. मग १९१५ चे कान वेगळे होते का? कान तेच होते. ते 'पूर्ण' वाटणे यंत्रात कधी नव्हतेच.

त्यानंतर १९२५ च्या सुमारास विजेच्या साहाय्याने ध्वनिमुद्रण आले, १९४८ साली लाँग प्ले रेकॉर्ड आली, १९५८ च्या सुमारास स्टिरिओ रेकॉर्ड आल्या, १९८२ साली सीडी आली. प्रत्येक वेळी 'आता प्रत्यक्ष गायकच समोर बसल्यासारखे वाटते' हेच वाक्य म्हटले गेले. सीडीहून सूक्ष्म असे नवे स्वरूप १९९९ साली बाजारात आले, तेव्हा मीही ते यंत्र घेतले. पुढे २००७ साली अमेरिकेत मेयर आणि मोरन या दोघांनी एक चाचणी प्रसिद्ध केली. ऐकणाऱ्याला न सांगता कधी तो नवा सूक्ष्म ध्वनी थेट ऐकवायचा, तर कधी सीडीच्या साध्या दर्जातून गाळून. एकूण ५५४ वेळा विचारणा झाली आणि २७६ वेळा उत्तर बरोबर आले. नाणे उडवले असते तरी असेच काही आले असते. २०१६ साली रीस या संशोधकाने अशा अनेक चाचण्या एकत्र करून पाहिल्या, तेव्हा बरोबर उत्तरांचे प्रमाण ५२.३ टक्के भरले. सराव दिलेल्या लोकांत ते अधिक होते. म्हणजे फरक आहे, अगदी नाही असे नाही. पण त्या दोन-अडीच टक्क्यांसाठी मी काय मोजले, हे या सभेत माझ्या पत्नीच्या उपस्थितीत न सांगितलेले बरे.

(एक उपहासाची गोष्ट ओघात आली म्हणून सांगतो. मनुष्याच्या कानाची मर्यादा प्रतिसेकंद वीस हजार कंपनांपर्यंत सांगतात, ती तारुण्यातली. माझ्या वयाच्या बहुतेकांना दहा-बारा हजारांपलीकडचे फारसे ऐकू येत नाही. चाळीस हजारांपर्यंत वाजणारा स्पीकर घेण्याची ऐपत मात्र साधारण याच वयात येते.)

आता मी मूळ प्रश्नाकडे वळतो. फरक इतका थोडा असेल, तर नवे यंत्र आणल्यावर पहिले काही दिवस संगीत इतके निराळे का वाटते? कारण ते वाटते, हे निश्चित. मी सात वेळा ते अनुभवले आहे. शेकडो वेळा ऐकलेल्या रेकॉर्डमध्ये अचानक तानपुऱ्याची जवारी ऐकू येते, गायकाने घेतलेला श्वास ऐकू येतो, साथीदाराची अस्फुट दाद ऐकू येते. 'हे पूर्वी ऐकूच येत नव्हते', असे आपण शपथेवर सांगतो.

याचे उत्तर मला अभियांत्रिकीच्या पुस्तकात मिळाले नाही. ते तत्त्वार्थसूत्राच्या दुसऱ्या अध्यायात मिळाले. तेथे उमास्वातींनी इंद्रियाचे दोन प्रकार सांगितले आहेत, द्रव्येंद्रिय आणि भावेंद्रिय. द्रव्येंद्रियाची दोन अंगे: निर्वृत्ती आणि उपकरण. निर्वृत्ती म्हणजे इंद्रियाची रचना, आणि उपकरण म्हणजे त्या रचनेला साहाय्य करणारे साधन. भावेंद्रियाचीही दोन अंगे: लब्धी आणि उपयोग. लब्धी म्हणजे कर्माच्या क्षयोपशमाने लाभलेली जाणण्याची शक्ती, आणि उपयोग म्हणजे त्या शक्तीचे प्रत्यक्ष विषयाकडे लागणे, आपल्या व्यवहाराच्या भाषेत अवधान. 'उपकरण' हा शब्द तेथे पाहिला आणि मी थांबलो. माझ्या घरातल्या कपाटभर वस्तूंना मी हाच शब्द वापरत होतो. जैन दर्शनाने शब्दाला आकाशाचा गुण न मानता पुद्गलाचा पर्याय मानले, याचा अभियंता म्हणून मला नेहमीच अभिमान वाटत आला. पण त्याच दर्शनाने ऐकण्याच्या क्रियेत उपकरणाला चारांपैकी केवळ एक स्थान दिले आहे, याकडे माझे लक्ष गेले नव्हते.

नवे ॲम्प्लिफायर घरी येते त्या संध्याकाळी काय घडते ते पाहा. टीव्ही बंद होतो. फोन दुसऱ्या खोलीत जातो. घरच्यांना शांत राहण्याची विनंती होते. दिवा मंद करून, पाठ सरळ ठेवून, डोळे मिटून माणूस दोन तास बसतो. एरवी सामायिकात अठ्ठेचाळीस मिनिटे ज्याला जड जातात तोच माणूस. मग त्याला तो श्वास ऐकू येतो. तो श्वास रेकॉर्डमध्ये पहिल्यापासून होता, जुन्या यंत्रावरही वाजत होता. बदललेले असते ते बव्हंशी अवधान. श्रेय मिळते उपकरणाला. महिना-दोन महिन्यांत अवधान पुन्हा ओसरते, संगीत पुन्हा वर्तमानपत्र वाचताना मागे वाजणारी गोष्ट होते, आणि माणसाला वाटते की यंत्रात काहीतरी उणे आहे. मग तो नवे पाहू लागतो. महाराजसाहेबांच्या प्रवचनात माईकवाचून शेवटच्या रांगेला का ऐकू येते, याचे कोडे मला तेव्हा उलगडले. तेथे उपकरण काढून घेतलेले असते, त्यामुळे सर्व भार उपयोगावर पडतो.

येथे मला स्वतःविषयीची एक गोष्ट सांगितली पाहिजे. ती सांगावी की नाही याचा मी बराच विचार केला.

१९८३ साली मी घरच्या साध्या टेपरेकॉर्डरवर आईने म्हटलेली स्तवने ध्वनिमुद्रित केली होती. स्वयंपाकघरात पाटावर यंत्र ठेवले आणि ती पोळ्या लाटता लाटता गात राहिली. पुढे अनेक वर्षे पर्युषणात ती कॅसेट आमच्या घरी सकाळी लागत असे. २००१ साली मी मोठे स्पीकर आणले. त्यांवर ती कॅसेट लावली आणि मला तीत फक्त दोष ऐकू आले: टेपची खरखर, विजेची घरघर, वेग मागेपुढे झाल्याने हेलकावणारा स्वर. मी ती बंद केली. त्या यंत्रावर वाजवण्याच्या योग्यतेची ती नव्हती. या छंदातील लोकांना हे ओळखीचे आहे. यंत्र जसजसे चांगले होत जाते तसतशी त्यावर ऐकण्याजोग्या रेकॉर्डची संख्या कमी होत जाते, आणि शेवटी माणूस संगीताऐवजी उत्तम ध्वनिमुद्रणेच ऐकू लागतो. २००९ साली आई गेली. कॅसेट खणात होती.

२०१६ साली माझ्या नातीने पणजीचा आवाज कसा होता असे विचारले, तेव्हा मी ती बाहेर काढली. पंधरा वर्षांत फीत चिकट झाली होती. मोठ्या खटपटीने एकदाच वाजली, ती मी संगणकावर उतरवून घेतली. वरचे स्वर पुष्कळ विरून गेले आहेत. नातीने ते मोबाईलच्या एवढ्याशा स्पीकरवर ऐकले आणि मला विचारले, "आजोबा, पणजी मध्येच 'गॅस बारीक कर' असं कोणाला म्हणते?" मी पुन्हा ऐकले. स्तवनाच्या दोन कडव्यांमध्ये, कुकरच्या शिट्टीपाठोपाठ, आई ते स्पष्टपणे म्हणते. ती मला म्हणते. तेव्हा यंत्राजवळ मीच बसलो होतो. इतक्या वर्षांत आणि इतक्या यंत्रांवर मला ते वाक्य एकदाही ऐकू आले नव्हते.

असो. आता परिग्रहाविषयी बोलून मी आपला निरोप घेतो.

परिग्रह म्हणजे वस्तू नव्हे, मूर्च्छा होय, ही उमास्वातींची व्याख्या आपण सर्व जाणतो. तिचा एक सोयीस्कर अर्थ मी अनेक वर्षे लावत होतो, की मूर्च्छा नसली म्हणजे वस्तू कितीही चालतात, आणि मला तर फक्त संगीताची आवड आहे. दोन मासे सोने मागायला निघालेला कपिल राजाच्या बागेत बसून कोटींपर्यंत पोहोचला, ही उत्तराध्ययनातील कथा मी मुलांना पाठशाळेत सांगत असे. ती सांगतानाही मला माझे कपाट आठवत नसे.

आणखी एक समर्थन माझ्याजवळ होते, आणि ते अधिक बळकट होते. मी काही साठा करत नव्हतो. जुने ॲम्प्लिफायर विकूनच नवे येत असे. घरात एका वेळी एकच. यात परिग्रह वाढला कोठे? हे मी एकदा घरी बोलून दाखवले, तेव्हा पत्नी म्हणाली, "अहो, एकच आहे हे खरं, पण ते दर चार वर्षांनी किमतीनं मोठं होतं."

पुढे हेमचंद्राचार्यांच्या योगशास्त्रात परिग्रहपरिमाण व्रताच्या अतिचारांचे विवेचन वाचनात आले, आणि पत्नीचे म्हणणे बाराव्या शतकातच लिहून ठेवलेले आढळले. व्रताची अक्षरे सांभाळून व्रत कसे मोडले जाते, याचे तेथे मोठे मार्मिक वर्णन आहे. एखाद्याने घरांची संख्या ठरवून घेतली. मग तो शेजारचे घर विकत घेतो आणि मधली भिंत पाडतो. घर एकच राहिले. एखाद्याने भांड्यांची संख्या ठरवली. भांडी वाढली की तो दोन-दोन आटवून एकेक मोठे भांडे करून घेतो. संख्या तीच राहिली. बंधुभगिनींनो, ज्याला आपण अपग्रेड म्हणतो त्याचे इतके नेमके वर्णन मी अन्यत्र वाचलेले नाही. दोन भांडी आटवून एक मोठे करणारा तो श्रावक आणि जुने ॲम्प्लिफायर विकून त्यात भर घालून नवे आणणारा मी, यांत मला काडीचाही फरक दिसला नाही. फरक असलाच तर इतकाच की त्याने व्रत घेतले होते. मी तेही घेतले नव्हते.

मग उपाय काय, सर्व विकून टाकावे? तसे मी सांगणार नाही, कारण तसे मी केलेले नाही. उपासकदशांगातील आनंद श्रावकाचे उदाहरण मला येथे उपयोगी पडले. त्याच्याजवळ बारा कोटींचे धन होते: चार कोटी भांडारात, चार व्यापारात, चार घरसंसारात. भगवान महावीरांसमोर त्याने व्रत घेतले तेव्हा ते टाकून दिले नाही. जेवढे आहे तेथे रेघ ओढली आणि त्यापलीकडच्या इच्छेचा त्याग केला. म्हणूनच या व्रताला इच्छापरिमाण असेही नाव आहे. ज्याला पूर्ण त्याग झेपत नाही अशा गृहस्थासाठी यात किती समजूतदारपणा आहे! वस्तू त्याच राहतात. त्यांच्याकडे 'पुढच्या वस्तूची पायरी' म्हणून पाहणे तेवढे थांबते.

काही वर्षांपूर्वी संवत्सरीच्या दिवशी मीही वहीत एक पान लिहिले. एक टर्नटेबल, एक सीडी प्लेअर, एक ॲम्प्लिफायर, स्पीकरची एक जोडी. हेमचंद्राचार्यांची आठवण ठेवून पुढे कंसात लिहिले, 'संख्येने व किमतीने'. त्याखाली रोज एक तास दुसरे काही न करता ऐकण्याचा नियम लिहिला. पहिला नियम टिकला आहे. दुसरा महिन्यातून दहा-बारा दिवसच टिकतो, हे येथे मान्य करतो. यंत्र न बदलणे त्यामानाने सोपे निघाले.

एका कलमाबद्दल मात्र माझ्या मनात वाद चालू आहे. टर्नटेबलची सुई हिऱ्याची असली तरी काही शे तासांनी झिजते, आणि झिजलेली सुई रेकॉर्ड खराब करते; ती बदलावीच लागते. गेल्या वर्षी ती बदलायला गेलो तेव्हा दुकानदाराने जुन्यासारखीच एक दाखवली आणि शेजारी तिच्याहून थोडी चांगली ठेवली. दोन्ही त्याच जागी बसणाऱ्या, संख्या तीच, किमतीतील फरक फार नाही. मी दुकानात वीस मिनिटे उभा होतो. शेवटी जुन्यासारखीच आणली. घरी येऊन लावली आणि खरे सांगतो, पहिल्या संध्याकाळी तीही मला पूर्वीपेक्षा चांगली वाटली.

 माझ्या बोलण्यात जिनाज्ञेविरुद्ध काही आले असेल तर मिच्छामि दुक्कडं. जय जिनेंद्र.